गाऱ्हाणे कोणापुढे घालावयाचे?

सांस्कृतिक वारसा हा दुभंगलेली मने सांधणारा सेतू आहे, हे वाक्य अलीकडे सभासंमेलनांतून इतक्या वेळा उच्चारले जाते की, त्याची सत्यासत्यता तपासून पाहण्याची गरजही कोणास वाटेनाशी झाली आहे. ज्या व्यासपीठावरून ते उच्चारले जाते, त्यावर गावच्या दोन तटांपैकी पुष्कळदा एकच तट बसलेला असतो, ही गोष्ट मात्र कोणी बोलून दाखवीत नाही. तुये, पार्से, मांद्रे, मोरजे या आमच्या पेडणे महालातील गावांत, आणि पलीकडे डिचोली महालात, देवस्थानांच्या छायेत वाढलेल्या वाचकांपुढे आम्हांला याच वाक्याची उलटतपासणी घ्यावयाची आहे. आमचा व्यवसाय वकिलीचा; आणि साक्षीदार प्रतिष्ठित आहे एवढ्यासाठी त्याची उलटतपासणी सोडून द्यावी, असे आम्हांला कोणी शिकविलेले नाही.

पहिली गोष्ट ही की, आमच्या भागात वारसा हा तंट्यावरचा उपाय होण्याऐवजी पुष्कळदा तंट्याचे कारणच होऊन बसला आहे. तरंग कोणी धरावे, पहिला नारळ कोणाचा, शिगम्याच्या मांडावर आधी कोणी यावे, पालखी कोणत्या वाड्यावरून फिरावी, महाजनांच्या वहीत कोणाचे नाव असावे, असल्या प्रश्नांवर घरे फुटली, भाऊबंदांनी एकमेकांच्या लग्नकार्याला जाणे सोडले आणि मयताला खांदा देणेही टाळले. उत्सव तोंडावर आला की एक पक्ष मामलेदाराकडे अर्ज करतो, दुसरा न्यायालयातून मनाई आणतो, आणि अखेर दंडाधिकाऱ्याला जमावबंदीचा हुकूम काढावा लागतो. पूर्वी हे कलम १४४ होते. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १६३ झाले. कलमाचा आकडा बदलला. देवळाच्या पायरीवर उभा असलेला पोलीस तोच राहिला. ज्या देवाच्या दर्शनाला गाव लोटावयाचे, त्याच्या अंगणात चार माणसांनी एकत्र येणे हा अपराध ठरावा, यापेक्षा मोठी विटंबना परक्यानेही आमची केली नसती!

या तंट्यांत पडणाऱ्या आमच्या बंधूंचा एक ठाम समज असतो की, न्यायालय एकदाचा निकाल देईल आणि मग सारे सुरळीत होईल. हा समज कायद्याच्या अज्ञानातून आलेला आहे. आमच्या देवस्थानांचा कारभार आजही ३० मार्च १९३३ च्या पोर्तुगीजकालीन नियमावलीने चालतो. महाजनांची संस्था, तिची निवडून दिलेली समिती, तिचे अंदाजपत्रक, आणि या सर्वांवर मामलेदाराची देखरेख, अशी ती व्यवस्था आहे. हिशेब नीट राहावेत आणि देवाची मालमत्ता कोणी गिळू नये, हा तिचा हेतू. रुसलेल्या वाड्याची समजूत घालणे हा तिचा हेतू नव्हता आणि ते तिच्याने होणारही नाही. ज्यांना मानपानाचा हक्क न्यायालयातून वाजवून घ्यावयाचा आहे, त्यांनी सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली दक्षिणेतील एका वैष्णव मंदिराच्या प्रकरणात दिलेला निवाडा अवश्य समजून घ्यावा. केवळ धार्मिक मानसन्मानासाठी दिवाणी दावा चालत नाही. तो मान एखाद्या अधिकारपदाला जोडलेला असेल, तरच न्यायालय त्यात लक्ष घालील, हे तत्त्व तेथे स्पष्ट झाले. म्हणजे ज्या नारळासाठी आपण दोन पिढ्या वकिलांच्या पायऱ्या झिजवितो, तो नारळ कायद्याच्या दृष्टीने पुष्कळदा हक्कच नसतो! आमच्या व्यवसायबंधूंना हे ठाऊक असते. अशिलाला ते पहिल्याच दिवशी सांगावे, एवढेच आमचे त्यांना नम्र सांगणे आहे.

मग न्यायालय निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. १९५७ साली मुल्की येथील वेंकटरमण देवालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जो निर्णय दिला, तो आमच्या सर्व सारस्वत आणि सारस्वतेतर वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. देवालय गौड सारस्वतांचे आहे, हे न्यायालयाने मान्य केले. काही विधींच्या प्रसंगी त्यांचा विशेषाधिकारही मान्य केला. परंतु त्या कारणावरून इतर हिंदूंना दर्शनाला मज्जाव करता येणार नाही, असे निःसंदिग्ध शब्दांत बजावले. दरवाजा उघडण्याचे सामर्थ्य न्यायालयात आहे. परंतु उघडलेल्या दरवाजातून आत आलेल्या माणसाकडे पाहून ‘ये, बस’ असे म्हणावयास ते कोणास भाग पाडू शकत नाही. ते काम गावाचे आहे. आणि ते करण्यासाठी लागणारी सामग्री आमच्या पूर्वजांनी आम्हांला पुरेपूर दिली आहे.

ती सामग्री कोणती? ‘गाऱ्हाणे’ हा एकच शब्द घ्या. देशावरच्या मराठीत गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. आमच्या कोकणपट्टीत गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे गावाच्या वतीने घातलेली प्रार्थनाही. ज्या समाजाने तक्रार आणि प्रार्थना यांसाठी एकच शब्द राखून ठेवला, तो समाज भांडणाविषयी किती खोल विचार करीत होता, हे वेगळे सांगावयास नको. घाडी किंवा गावचा मानकरी हात जोडून उभा राहतो, बारा-पाचाच्या देवतांची नावे घेतो, गावावर आलेले अरिष्ट बोलून दाखवितो, चुकले-माकले असेल ते पदरात घेण्याची विनंती करतो. आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेला समुदाय ‘व्हय म्हाराजा’ असा होकार देतो. या होकारावाचून गाऱ्हाणे पुरे होत नाही. मानकऱ्याला कितीही मान असो, समुदाय मुका राहिला तर तो एकटाच बडबडणारा माणूस ठरतो. न्यायालयाच्या निकालाने तुम्हांला मानकऱ्याची जागा मिळेल. ‘व्हय म्हाराजा’ कोणत्या हुकूमनाम्याने मिळवाल?

दुसरे उदाहरण पेडण्याच्या पुनवेचे. कोजागिरीच्या रात्री रवळनाथ आणि भूतनाथ यांच्या उत्सवाला गोव्यातूनच नव्हे, तर सिंधुदुर्गातूनही लोक लोटतात. आपल्याला देऊळ नाही म्हणून भूतनाथ रुसतो, देऊळ बांधून द्या म्हणून हटून बसतो, रानाच्या दिशेने धाव घेतो. आणि लोक त्याची समजूत काढून त्याला माघारी आणतात, अशी त्या रात्रीची कथा आमच्याकडे लहान मुलेही सांगतात. यात केवळ भोळेपणा पाहणाऱ्यांना आम्ही विचारतो: ज्याला घर नाही त्याचा रुसवा दरवर्षी, सर्वांच्या देखत, हजारोंच्या समुदायाने ऐकून घ्यावयाचा, त्याला उद्धट म्हणावयाचे नाही, त्याच्यामागे धावावयाचे आणि हात जोडून त्याला परत आणावयाचे, याहून शहाणपणाची शिकवण कोणत्या ग्रंथात आहे? देव रुसला तर त्याच्यामागे रानापर्यंत धावणारे आम्ही, आमचा भाऊ रुसला की त्याच्यावर नोटीस बजावतो. भूतनाथावर मनाई हुकूम आणण्याची बुद्धी अद्याप कोणास झालेली नाही, हे त्या देवाचे भाग्य!

आता गावाची वेस ओलांडून नदीकडे वळू. तुयेच्या खालून वाहणारी शापोरा नदी आज आम्ही पुलावरून काही क्षणांत ओलांडतो. परंतु १५४३ साली बारदेश पोर्तुगिजांच्या हाती गेला आणि पेडणे महाल मात्र १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे राहिला. या सुमारे अडीचशे वर्षांत नदीच्या एका तीरावर देवळे पडत होती, इन्क्विझिशनचे भय होते, घरेच्या घरे धर्मांतरित होत होती. आणि दुसऱ्या तीरावर सांजवात लागत होती. एकाच भाषेचा, एकाच रक्ताचा समाज असा पाण्याच्या रेघेने चिरला गेला. एवढ्या मोठ्या जखमेवर आमच्या लोकांनी कोणते औषध शोधले?

त्यांनी कथा सांगितली: बहिणी सात आणि भाऊ एक. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, आमच्या मोरज्याची मोरजाई या त्यांतल्याच. आणि त्यांचीच एक बहीण मिराबाई, जी म्हापशाला जाऊन मिलाग्रिस सायबीण झाली. धर्म बदलला, घर बदलले, नाव बदलले. नाते बदलले नाही. आजही मिलाग्रिसच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन जातात, आणि शिरगावहून बहिणीला मोगरीची फुले व म्हापशाहून लईराईला तेल, अशी देवघेव चालत आल्याचे सांगितले जाते. आमच्या व्यवसायाच्या भाषेत बोलावयाचे तर, एक बहीण दुसऱ्या घरात गेली म्हणून उरलेल्या बहिणींनी वाटपाचा दावा लावला नाही. या कथेचा ऐतिहासिक पुरावा काय, असे विचारणाऱ्या विद्वानांना आमचे उत्तर आहे की, पुरावा दस्तऐवजात नाही. तो दरवर्षी वाहिल्या जाणाऱ्या तेलात आहे.

तसाच शिवोलीचा जागर. शापोऱ्याच्या पैलतीरी, नाताळानंतरच्या सोमवारी, हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही मिळून रात्र जागवितात. नमनात दोन्हीकडच्या देवांची नावे येतात आणि सोंगे घेणाऱ्यांत दोन्हीकडची माणसे असतात. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी. ख्रिस्ती शेजारी तेथे प्रमुख पाहुणा म्हणून बोलाविलेला नसतो; त्याच्या वाट्याला काम आलेले असते. तो आला नाही तर जागर अडतो. आणि आमच्या मते सारे रहस्य येथेच आहे.

वारसा समेट घडवितो केव्हा? ज्या परंपरेत दुसऱ्या पक्षाला असे काही कर्तव्य दिलेले असते की, त्याच्यावाचून कार्य सिद्धीस जाऊच नये, तीच परंपरा मने सांधते. ज्या परंपरेत दुसऱ्याने केवळ पाहावयाचे, टाळ्या वाजवावयाच्या, किंवा खाली मान घालून उभे राहावयाचे, ती कितीही प्राचीन असो, मने सांधण्याच्या कामी व्यर्थ होय. कोणत्याही उत्सवाला ही एकच कसोटी लावा: दुसरा पक्ष काढून घेतला तर उत्सव अडतो का? अडत असेल तर तो सेतू आहे; अडत नसेल तर ती केवळ शोभा आहे.

या कसोटीला आजच्या बहुतेक वारसा-सोहळ्यांपैकी काय उतरते? शहरांतून निघणाऱ्या शिगम्याच्या मिरवणुका घ्या. रोमटामेळ आणि चित्ररथ यांची स्पर्धा, परीक्षक, बक्षिसे, उंच व्यासपीठावर मंत्री. कलावंतांचे कौतुक व्हावे, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु मांडावरचा शिगमो गावाने गावासाठी घातलेला असतो. मिरवणुकीतला शिगमो प्रेक्षकांसाठी. मिरवणुकीत पहिल्या आलेल्या मेळात आणि दुसऱ्या आलेल्या मेळात सलोखा होतो, असा अनुभव निदान आम्हांस तरी नाही.

बाहेरच्या जगानेही हाच धडा घेतला आहे. बोस्नियातील मोस्तार येथील जुना तुर्की पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी यादवी युद्धात तोफांनी पाडला गेला. जगभरातून पैसा आला, जुन्या पद्धतीने दगड घडविले गेले, आणि २००४ च्या जुलैत पूल पुन्हा उभा राहिला. पुढच्या वर्षी त्याची जागतिक वारशात गणनाही झाली. सलोख्याचे प्रतीक म्हणून त्याची छायाचित्रे सर्वत्र झळकली. परंतु त्याच गावच्या नामांकित शाळेत क्रोएट आणि बोस्नियाक मुले एका छपराखाली बसून दोन निराळे अभ्यासक्रम शिकत राहिली. दगडाचा पूल बांधणे सोपे. त्यावरून रोज जाण्याचे कारण दोन्ही तीरांना देणे कठीण.

हीच गोष्ट भग्न देवालयांच्या जीर्णोद्धाराची. पोर्तुगिजांनी पाडलेल्या देवळांसाठी २०२२ च्या गोव्याच्या अंदाजपत्रकात २० कोटी रुपयांची तरतूद झाली. देवळे पाडली गेली हे निखालस सत्य आहे. ते झाकून कोणताही समेट टिकणार नाही, आणि ते झाकावे असे सांगणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही नाही. दिवाडीच्या सप्तकोटेश्वराला नदी ओलांडून डिचोली महालातील नार्व्याला यावे लागले; शिवछत्रपतींनी १६६८ साली त्याचे देऊळ पुन्हा बांधविले; आणि अलीकडच्या जीर्णोद्धारानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ते भाविकांसाठी खुले झाले, याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु महाराजांनी देऊळ बांधविले ते पूजा चालावी म्हणून. शेजाऱ्याच्या नावावर थकबाकी मांडण्यासाठी नव्हे. बारदेशातील आजचा ख्रिस्ती हा देऊळ पाडणाऱ्याचा वंशज नव्हे. ज्यांचे देऊळ पडले त्यांचाच तो वंशज आहे. त्याच्या पूर्वजांकडून देवही गेला आणि नावही गेले. त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे म्हणजे फिर्यादीलाच शिक्षा ठोठावण्यासारखे आहे.

आमच्या या द्वैभाषिक नियतकालिकाच्या वाचकांपुढे भाषेच्या कलहाविषयी मौन पाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाने आणि पुढे १९८५ ते १९८७ च्या राजभाषा आंदोलनाने याच समाजात दोन तट पडले. १९८६ च्या डिसेंबरात तर रक्त सांडले. ४ फेब्रुवारी १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय व्यवहारात स्थान मिळाले. मनातील अढी मात्र कायद्याने गेली नाही. पण आमच्या देवळात जाऊन पाहा. गाऱ्हाणे घातले जाते ते गावच्या बोलीत. आरती आणि अभंग म्हटले जातात ते मराठीत. दोहोंपैकी एक काढून टाका, उत्सव अडतो. आमच्या कसोटीला इतके चोख उतरणारे उदाहरण दुसरे नाही. आणि ते व्यासपीठावर नसून गाभाऱ्यासमोर आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. “समेट, समेट म्हणून ज्याचा पिढ्यान्पिढ्या अपमान झाला त्याने तो गिळावयाचा काय? ढोल वाजविण्यास आमचे खांदे चालतात, दिवटी धरण्यास आमचे हात चालतात, मग पंक्तीला आम्हीच का चालत नाही?” असे जो विचारतो, त्याला परंपरेच्या गोडव्याने गप्प बसविणे हा शुद्ध अन्याय होय. आमचे उत्तर असे: जेथे प्रश्न शिवाशिवीचा आहे, दर्शनाचा आहे, माणूस म्हणून उभे राहण्याचा आहे, तेथे तडजोड होऊच शकत नाही. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने तो प्रश्न संपविला आहे, आणि तेथे न्यायालयाचे दार ठोठावणे हे कर्तव्य आहे. जेथे प्रश्न केवळ आधी कोण आणि मागाहून कोण, एवढाच आहे, तेथे न्यायालयात जाणे हा करंटेपणा आहे. आमचे दुर्दैव हे की, पहिल्या प्रश्नावर आम्ही परंपरेची सबब सांगतो आणि दुसऱ्या प्रश्नावर कायद्याची. नेमके उलट व्हावयास हवे.

आता केवळ दोष न दाखविता काही सुचविणे प्राप्त आहे. एक, प्रत्येक देवस्थानाने मानाच्या यादीशेजारी कर्तव्याची यादी लिहून काढावी: ढोल कोणाचा, तेल कोणाचे, झाडलोट कोणाची, मांडव कोणाचा, आणि जो भार वाहतो त्याचे नाव गाऱ्हाण्यात घ्यावे. महाजनकीची वही नियमावलीने बांधलेली असेल, गाऱ्हाणे बांधलेले नाही. दोन, मानाचा वाद उत्सवाच्या आदल्या रात्री काढू नये. पावसाळ्यात, शेतीची घाई सरल्यावर, शेजारच्या गावच्या देवस्थानातील दोघा-तिघा जाणत्यांना बोलावून त्यांच्यापुढे तो मांडावा. दिवाणी संहितेचे ८९ वे कलम आणि २०२३ चा मध्यस्थी कायदा हेच सांगतात. आमच्या गावकीला ते नवे नाही. तीन, निवाडा होईपर्यंत पाळी ठरवावी. एक वर्ष एकाने, पुढील वर्ष दुसऱ्याने, पण उत्सव बंद ठेवू नये. बंद पडलेला उत्सव तिसऱ्या पिढीला आठवत नाही. आणि चार, निवडणुकीच्या पक्षांचे झेंडे मांडापासून दूर ठेवावेत. तंटा विझला तर ज्यांची मते घटतील, त्यांना मध्यस्थ नेमू नये.

आम्ही मांडले ते काही थोरांना अप्रिय वाटेल. दोन्ही तटांकडून ‘तुम्ही कोणाच्या बाजूचे?’ असा प्रश्न येईल, याचीही आम्हांला जाणीव आहे. आम्ही त्या समुदायाच्या बाजूचे आहोत, ज्याच्या होकारावाचून देवापुढचे गाऱ्हाणे पुरे होत नाही. येत्या दसऱ्यापूर्वी ज्या ज्या देवस्थानाच्या नावाचा खटला न्यायालयाच्या यादीवर आहे, तेथील दोन्ही पक्षांनी वकिलाकडे जाण्याआधी एकदा देवळाच्या पायरीवर एकत्र बसावे, एवढीच आमची मागणी. तेथे तारीख पडत नाही आणि शुल्कही भरावे लागत नाही. तक्रार निःसंकोच सांगावी, भूतनाथासारखे रुसावे, हवे तर रानापर्यंत धावावे. परंतु मागून येणाऱ्या भावाला गाठता येईल, इतक्याच वेगाने धावावे.